चौथ्या डेकची केबिन

राजदीपचा फोन आला तेव्हा ललिता बोधगयेच्या सहलीतल्या एका म्हाताऱ्याशी हुज्जत घालत होती. त्याला बसमध्ये खिडकी हवी होती, पुढची सीट हवी होती आणि शेजारी स्वतःचा साडू नको होता. गोंदियात स्टेशनसमोरच्या गल्लीत ललिताचं छोटंसं ऑफिस. बोधगया, लुंबिनी, दीक्षाभूमी अशा सहली ती नेते आणि लोकांना शेजारी कोण हवं, कोण नको, हे ऐकण्यात तिचा अर्धा जन्म जातो. "थांबा काका," म्हणून तिनं फोन उचलला.

"काकू, बाबांच्या रिटायरमेंटचं राहूनच गेलं होतं," पुण्याला नोकरी करणारा पुतण्या उत्साहानं सांगत होता. "सगळ्यांना जहाजावर नेतोय. मुंबईहून लक्षद्वीप. आजीला समुद्र पाहायचाय ना, तेही होईल. तू आणि रचना पण चला. बुकिंग तूच कर. फक्त एक बघ, सगळ्यांच्या केबिन जवळजवळ पाहिजेत. बाबांचं तेवढंच म्हणणं आहे."

"तुझ्या बाबांचं म्हणणं आहे?"

"हो. म्हणाले, ललिताला सांग, कुणी लांब पडायला नको."

ललितानं फोन ठेवला आणि ती मोठ्यानं हसली. साडूवाल्या काकांना वाटलं आपलं काम झालं. ते खूश होऊन निघून गेले.

कुणी लांब पडायला नको! हे केवळरामांनी म्हणावं? जगात दुसऱ्या कुणीही म्हणावं, पण त्या माणसानं नाही.

केवळराम म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. जन्मभर रेल्वेत गार्ड. राजदीपचं लग्न नागपूरला झालं तेव्हा ललिताचा नवरा मनिराम जाऊन वर्षही झालं नव्हतं. वऱ्हाड एका लॉजवर उतरलं होतं आणि कोणी कुठल्या खोलीत राहायचं ते केवळरामांनी ठरवलं होतं. सगळं खानदान पहिल्या मजल्यावर, एका ओळीत. ललिता आणि तिची नऊ वर्षांची रचना मात्र मागच्या इमारतीत, जनरेटरला लागून, जिथं स्वयंपाक्यांनी आपली पातेली रचून ठेवली होती. "जवळच आहे," केवळराम म्हणाले होते, तिच्याकडे न बघता.

सकाळी दोघी आवरून बसल्या. रचनानं नवा निळा फ्रॉक घातला होता आणि तो चुरगळू नये म्हणून ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. कोणीतरी हाक मारायला येईल म्हणून वाट पाहत राहिल्या. जनरेटरच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. शेवटी ललिता पुढं येऊन बघते तर लॉजसमोरची जागा रिकामी. नवरदेवाची बस केव्हाच निघून गेली होती. ऑटो शोधत शोधत दोघी हॉलवर पोचल्या, तोवर त्रिसरण-पंचशील होऊन गेलं होतं, पंगती बसल्या होत्या आणि घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटोही काढून झाला होता. रचनानं विचारलं, "मम्मी, आपण घरचे नाही का?" 

गर्दीत विसरले असतील, असं बाहेरचा कुणीही म्हणेल. पण केवळराम गार्ड होते! दारात एक माणूस लटकलेला दिसला तरी त्यांनी कधी झेंडी दाखवली नाही, ही फुशारकी त्यांनी घरातल्या प्रत्येक कार्यात मारलेली. असा माणूस दोन माणसं विसरत नाही. टाकून जातो.

ललिता भांडली नाही. भांडण केलं असतं तर चार दिवसांत मिटलं असतं आणि तिला ते मिटवायचं नव्हतं. तिनं ते जपलं. त्यानंतर पंधरा दिवसांतच सासू आपली ट्रंक घेऊन तिच्या दारात उभी राहिली होती. "मी तुह्याजवळ राहातो वो ललिता. मोठ्याकडं माहा जीव लागत नाई." तेवढ्यावर ललितानं सगळं ओळखलं. थोरल्यानं केलेला अन्याय म्हातारीच्या जिव्हारी लागला होता आणि ती न बोलता धाकट्या सुनेच्या बाजूनं उभी राहिली होती. सगळ्या खानदानात एवढं एकच माणूस आपलं, असं ललितानं तेव्हापासून धरलं. म्हातारीला न्हाऊ घालायचं, तिच्या केसांना तेल लावायचं, तिला मऊ भात कालवून द्यायचा, यातलं काही तिनं कधी दुसऱ्या कुणावर सोडलं नाही.

आणि आता कधी नव्हे ती संधी चालत आली होती. केवळरामांना कुठं झोपवायचं हे ललिता ठरवणार होती!

दुपारी तिनं शटर अर्धं ओढलं, चहा मागवला आणि जहाजाचा नकाशा संगणकावर उघडला. हौसेनं साडी निवडावी तसा एकेक मजला पाहिला. याआधी तिनं तीनचार कुटुंबं जहाजावर पाठवली होती आणि परत आल्यावर त्यांच्या तक्रारी ऐकून तिचे कान पिकले होते. आज त्या तक्रारींचं सोनं होणार होतं. जहाजात लागोपाठचे नंबर घेतले म्हणजे खोल्या शेजारी येतात असं नाही. सम नंबर एका अंगाला, विषम दुसऱ्या अंगाला, मधे सगळं जहाज. ही चूक करून एका नव्या जोडप्यानं सासूसासऱ्यांना हरवून टाकलं होतं. मधोमधच्या खोल्या कमी हलतात. नाचगाण्याच्या हॉलखाली खोली घेतली तर झोपेचं नाव काढायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अगदी खालच्या डेकवर, जहाजाच्या नाकाशी म्हणजे पुढच्या टोकाला, आतल्या अंगाची केबिन. खिडकी नाही. दिवस की रात्र ते घड्याळात बघायचं. पहाटे नांगराची साखळी सुटली की डोक्यावर रणगाडा चालल्यासारखं होतं, असं एका गृहस्थांनी तिला हात जोडून सांगितलं होतं.

नवव्या डेकवर मधोमध, बाल्कनीच्या दोन केबिन तिनं घेतल्या, मधे दार असलेल्या. एकीत राजदीप, त्याची बायको दिव्या आणि त्यांची छोटी. दुसरीत सासू, ती स्वतः आणि रचना. पलंगावर पडल्या पडल्या म्हातारीला समुद्र दिसेल अशी.

मग चौथ्या डेकवर, पार नाकाशी, आतल्या अंगाची एक केबिन. केवळराम आणि सावित्रीबाई. जाऊबाईंच्या नावाचं बटण दाबताना तर ललिताच्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. विचारतील ना, सगळे वर आणि आम्हीच का खाली? विचारू देत. तिचं उत्तर तयार होतं. "जवळच आहे भाऊजी. लिफ्टनं दोन मिनिटं." त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याकडे न बघता. आणि मग त्यांचा चेहरा कसा पडतो ते मात्र डोळे भरून बघायचं.

रविवारी ती सासूला आणि रचनाला घेऊन ऑफिसच्या गाडीनं गोंदियाजवळच्या दवनीवाड्याला गेली. रिटायर झाल्यावर केवळरामांनी तिथं गावाच्या कडेला घर बांधलं होतं. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि अंगणात ऊन छान होतं. तिकिटं हातात देण्यासाठी ललितानं मुद्दाम रंगीत कागदावर छापून आणली होती. फोनवर पाठवली असती तर चेहरा कुठून दिसला असता?

केवळरामांनी चष्मा लावला. स्वतःचं तिकीट वाचलं, मग बाकीच्यांची वाचली, मग परत स्वतःचं. ललिता त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती.

"उदाराम! अरे उदाराम, इकडं ये!" केवळरामांनी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारली. "हे पाय, आमच्या ललितानं काय काम केलं! सगळ्या पोट्ट्यायले नवव्या माळ्यावर टांगलं अना मले खाली देल्लं. लोअर बर्थ!"

ललिताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अना जागा पाय कुठं आहे. एकदम समोर. इंजनाच्या मांगं पयला डब्बा समज. खिडकीची हवा लागत नाई, धूळ नाई. आतमंदी. रेल्वेत साहेब लोकायले देते अशी जागा."

उदारामनं तिकीट हातात घेऊन मान डोलावली. त्यालाही पटलं. गोंदियाच्या पंचक्रोशीत कुणाला पटलं नसतं? इथं प्रत्येक घरात कोणी ना कोणी रेल्वेत. खालची बर्थ म्हणजे मान, वरची म्हणजे पोराटोरांची. जहाजाचा हिशेब उलटा असतो हे यांना कुणी सांगावं!

सावित्रीबाई आतून पदराला हात पुशीत आल्या. त्यांनी ललिताच्या पाठीवर हात ठेवला. "माह्या गुडघ्यायचा इचार केला वो बाई तू. मले वाटे, तुह्या मनात आमच्याबद्दल अढी आहे. मीच मूर्ख." आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले.

ललिताला संताप संताप झाला. एवढा जमवून आणलेला डाव आणि समोरचा माणूस आभार मानतो! त्या दोघांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला गोड लागल्या असत्या. हे असं तोंडात साखर कोंबल्यासारखं तिला सहन होईना.  जाऊ दे, जहाजावर गेल्यावर दार उघडतील, आत अंधार दिसेल, पहाटे साखळी वाजेल, तेव्हा कळेलच. चेहरा थोडा उशिरा पडेल, एवढंच. तिनं स्वतःला समजावलं आणि समोर आलेला चहा घोटभर प्यायली.

तेवढ्यात केवळरामांनी चष्मा काढला आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पन लोअर बर्थवर माह्या आधी मायचा हक्क होय," ते म्हणाले. "जिंदगीभर मी गाडीत हेच केलं. म्हातारं मानूस वरती दिसलं का खालच्या पोट्ट्याले उठवलं. आता माही माय वरती अना मी खाली, हे कसं चालन? ललिता, तू असं कर. माय अना तू खाली झोपा. रचना आमच्यासंग वरती राहीन."

"नाई नाई, भाऊजी," ललिता घाईघाईनं म्हणाली. "ते जमत नाई."

"काऊन नाई जमत? नावंच तं बदलाचे आहे. राजदीपले फोन लावतो."

"राहू द्या ना. मायले वरतीच बरं आहे."

"तू लय करतेस मायचं, मले मालूम आहे. पन एवढं मले करू दे." केवळरामांनी फोन शोधायला खिशात हात घातला.

सासू अंगणातल्या खाटेवर ऊन खात बसली होती. तिला यातलं फारसं कळत नव्हतं. ती रचनाला विचारत होती, "समुद्रात पानी रातीबी दिसते का वो? का अंधारात नुसता आवाजच?" तिनं उभ्या आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नवेगावचा तलाव. समुद्र पाहून येते मग मेली तरी चालेल, असं ती गेला महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होती. आणि तिला आता त्या भिंती-भिंतींच्या पेटीत नेऊन झोपवणार? केवळरामांना कोंडण्यासाठी विणलेलं जाळं नेमकं म्हातारीच्या अंगावर पडत होतं.

केवळरामांनी फोन कानाला लावला. ललितानं उठून तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. भासऱ्यांच्या हातातून तिनं आजवर कधी कपसुद्धा ओढून घेतला नव्हता.

"त्या खोलीले खिडकी नाई," ती म्हणाली. "जहाजात खालची खोली मानाची नसते भाऊजी. ती सगळ्यात भिकार खोली आहे. दिवसा अंधार राहाते. सकाळी डोक्यावर साखळी वाजते. मी पाहून पाहून, शोधून शोधून तुमाले तीच खोली देल्ली."

उदाराम हळूच कुंपणाकडे सरकला आणि आपल्या अंगणात निघून गेला.

"कायले?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"कायले? नागपूरच्या लॉजवर आमाले कुठं ठेवलं होतं ते आठवा. जनरेटरजवळ, पातेल्यायच्या संग. अना बस सोडून देल्ली. माही पोरगी नवा फ्रॉक घालून खुर्चीवर बसून राह्यली होती. तुमी गार्ड होते ना भाऊजी? एक मानूस खाली दिसला तं झंडी नाई दाखवत होते ना? मंग आमी दोघी नाई दिसलो? माहा नवरा मेला होता म्हनून आमी मानसंच नव्हतो?"

सात वर्षं साठवलेलं सगळं ती भडाभडा ओकली. आवाज गल्लीत गेला असेल तर गेला. सावित्रीबाईंना राग आवरेना. "पाहा! मी म्हनत नव्हतो? पोटात जहर ठेवून राह्यली ही इतके वर्स!" असं त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या.  केवळरामांनी मान खाली घालून चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या.

"चुकलो," ते शेवटी म्हणाले. "त्या खोलीत आमीच राहू. राहू दे तसंच."

ललिताला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. हाच तो चेहरा, हाच पडलेला चेहरा तिला हवा होता. ती तो डोळे भरून बघणार, इतक्यात खाटेवरून आवाज आला.

"थो नाई चुकला."

सगळे वळले. सासू दोन्ही हात खाटेच्या काठावर टेकवून ताठ बसली होती.

"माय, राहू दे," केवळराम म्हणाले.

"नाई, बोलू दे मले." म्हातारीनं ललिताकडे पाहिलं. "केवळरामनं इचारलं होतं वो. बसच्या दारात उभा राहून इचारलं, सगळे बसले का? मी म्हनलं, बसले. चाल."

ललिताला अर्थ लागेना. "तुमी चुकून म्हनलं असन, माय."

"चुकून नाई. अना मांगची खोलीबी मीच मांगतली तुह्यासाठी."

ललिता खाटेकडे एक पाऊल पुढं आली.

"मनिराम जाऊन वर्स झालं नव्हतं," म्हातारी थांबत थांबत सांगू लागली. "एकुलता एक नातू माहा. गाडी निघाच्या वक्ती समोर तू दिसशीन, पांढऱ्या कपाळाची, अना पोराच्या संसाराले काही होईन, असं भेव बसलं माह्या मनात. कोनाले सांगू? कोनी आयकलं असतं तं हासले असते."

हसलेच असते. कारण ही तीच बाई, परकरी पोर असताना बापाबरोबर नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतलेली. दर अशोक विजयादशमीला शेजारच्या पोरांना गोळा करून ती तो दिवस सांगे. देव सोडले, उपास सोडले, शकुन-अपशकुन सगळं टाकून आलो, असं छाती पुढं काढून सांगे. ललितानं स्वतः ते किती वेळा ऐकलं होतं.

"तुमी?" ललिता म्हणाली. "तुमी दीक्षा घेतली ना, माय?"

"घेतली. पन भेव नाई गेलं वो."

केवळरामांनी आता मान वर केली. "अर्ध्या रस्त्यात मले दिसलं, तुमी दोघी नाई. ड्रायव्हरले म्हनलं, गाडी वळव. माय म्हने, वळवशीन तं मी इथंच उतरतो."

"अना तुमी इतके वर्स मले एका शब्दानं सांगतलं नाई?"

"माय होय ना माही," ते म्हणाले. "अना माय तुह्याजवळ राहाले आली, तं मले वाटलं, तिनं सांगतलं असन. तुमचं मिटलं असन. मंग तुहा राग माह्यावर, तो बरोबरच होता. गाडी तं मीच सोडली."

 ट्रंक घेऊन दारात उभी राहिलेली म्हातारी ललिताच्या डोळ्यांसमोर आली. बाजू घ्यायला आली म्हणून आपण उराशी धरलं आणि ती आली होती स्वतःच्या मनातला काटा काढायला! सात वर्षं हातानं घास भरवले. थोरल्याला शिव्या घालताना म्हातारीच्याच केसांत तेल मुरवलं आणि म्हातारी मुकाट मान पुढं करून ऐकत राहिली. एकदाही तिच्या तोंडून "नाही" निघालं नाही.

रचना इतका वेळ खाटेच्या पायाशी बसली होती. सोळा वर्षांची झाली होती ती आता. तिनं फक्त एक विचारलं.

"आजी, मी का? मला तर न्यायचं ना. माझं तर कपाळ काही पांढरं नव्हतं."

 "तुले उठवाले कोनी आलं असतं," म्हातारी म्हणाली, "तं तुही माय संग निघाली असती."

रचना उठली आणि गाडीत जाऊन बसली.

मग सगळे एकदमच बोलू लागले. म्हातारी म्हणाली, मले दे ती अंधारी खोली, मी एकटी राहातो, मले नाई पाहाचा समुद्र. केवळराम म्हणाले, आम्हीच खाली जातो, आम्हाला तीच पाहिजे. सावित्रीबाई म्हणाल्या, कुणीच जायला नको, मरो ते जहाज.  ललितानं तिकिटं गोळा करून पर्समध्ये टाकली, सासूचा हात धरून तिला गाडीत बसवलं आणि दार लावलं. 

सोमवारी सकाळी ललिता नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेली. पहिल्यांदा जहाजाच्या कंपनीला फोन केला आणि नावं बदलून घेतली. राजदीपची केबिन होती तशी ठेवली. शेजारच्या बाल्कनीच्या केबिनमध्ये केवळराम, सावित्रीबाई आणि सासू. चौथ्या डेकवर नाकाशी, आतल्या अंगाला, ती आणि रचना. रचनाला तिनं आधी विचारलं होतं. पोरीनं फक्त होकारार्थी मान डोलावली होती.

दुपारी केवळरामांचा फोन आला. "असं नको करू वो, ललिता. मले मारायचं तं मार. पन परत त्या पोरीले तसल्या खोलीत नको टाकू."

"मी नाई टाकलं भाऊजी. तिनं हो म्हनलं."

"मायले झोप लागन का तिथं?"

"नाई लागनार," ललिता म्हणाली. "झालं आता बुकिंग. बदलत नाई." आणि तिनं फोन ठेवला. तिचा आवाज स्वच्छ होता. चढलेला नव्हता की भरूनही आलेला नव्हता. राग निवळला असता तर तिला बरं वाटलं असतं, पण तो निवळला नव्हता. आता कुठं त्याला बरोबर घर सापडलं होतं.

दिवेलागणीला ती घरी आली. हातपाय धुतले, कुकर लावला. सासू भिंतीला टेकून बसली होती. काल रात्रीपासून तिनं नीट खाल्लं नव्हतं. ललितानं ताट वाढलं, भातावर वरण घातलं, हातानं मऊ कालवलं आणि तिच्यासमोर ठेवलं. एरवी ती स्वतः घास भरवायची. आज ताट ठेवून ती समोर बसून राहिली.

"जहाजावरची तुमची खोली बदलली," ती म्हणाली. "भाऊजी अना जाऊबाई तुमच्यासंग राहातीन. मोठी खोली आहे, मोठी काच आहे. पलंगावर पडूनच समुद्र दिसते."

"अना तू? रचना?"

"आमी खाली. आतमंदी."

म्हातारीला कळायला क्षणभर लागला. मग तिनं पुढं वाकून ललिताचं मनगट धरलं. तिच्या हाताला जोर नव्हता. "असं नको वो. मी पाया पडतो तुह्या. मले नाई दिसत तो समुद्र, मी डोये मिटून घेईन. मले तुह्यासंग ने."

"नाई, माय."

"मी म्हातारी होय. मले समजलं नाई."

"समजलं होतं. म्हनून तं तुमी म्हनलं, बसले." ललितानं मनगट सोडवून घेतलं, अगदी हळू, म्हातारीची बोटं दुखू नयेत अशा बेतानं. "या वक्ती मोजायची गरज नाई. आमी दोघी कुठं आहो, ते तुमाले पक्कं मालूम राहीन. रातीबी अना सकाळीबी."

आतल्या खोलीत रचना अभ्यासाला बसली होती. तिनं पान उलटल्याचा आवाज आला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. ललितानं ताट तिच्या आणखी जवळ सरकवलं आणि वरून तुपाची धार सोडली.

"जेवा, माय," ती म्हणाली. "अंगात ताकद पाह्यजे. समुद्र पाहाचा आहे तुमाले."